आठ नगांची ट्रॉली

भीमराजच्या हातून लालमहंमद गेला, हे फाउंड्रीत सगळ्यांना माहीत होतं. कोणी तोंडावर बोलत नसे. पण भीमराज जेवणाचा डबा घेऊन बाकावर बसला, की शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

चिंचवडच्या त्या फाउंड्रीत दोघं एकाच साली लागले होते, एकोणीसशे चौसष्टला. भीमराज पिंपरीच्या वस्तीतला, लालमहंमद कासारवाडीचा. ओतून गार झालेले इंजिनचे ठोकळे ट्रॉलीत भरायचे आणि रुळावरून पलीकडच्या खात्यात ढकलत न्यायचे, हे त्यांचं काम. कागदावर ठोकळ्याला ‘नग’ म्हणत. एका खेपेला आठ नग. एकेक नग दोन माणसांना उचलणार नाही असा, म्हणून वरच्या साखळीच्या क्रेनने तो ट्रॉलीत सोडायचा. क्रेनवर मोशीचा खंडू असे.

ट्रॉली सुटल्यावरचा पहिला टप्पा अवघा बारा फुटांचा, पण तोच अवघड. रुळावर सारखी वाळू सांडलेली असे. लाल पुढे चालत कुंच्याने वाळू झाडायचा आणि टोकाच्या आडव्या गर्डरपाशी पोचला की बाजूला व्हायचा. भीमराज मागून मान खाली घालून, दोन्ही तळहात पत्र्यावर रोवून ढकलायचा आणि मोठ्याने आकडे म्हणायचा. एऽक, दोऽन, तीऽन. चारला लाल रुळाबाहेर. सहाला ट्रॉली गर्डरला टेकायची; तिथून ती वळवून पुढे न्यायची. नऊ वर्षांत सहाचे पाच झाले नाहीत की सात झाले नाहीत. साहेब पाहुण्यांना घेऊन आले की थांबून बघायचे. “घड्याळ आहे ही जोडी,” म्हणायचे.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत भीमराजची कंबर धरली. त्याने कोणाला कळू दिलं नाही, पण लालच्या नजरेतून ते सुटलं नाही. एके सकाळी लाल परस्पर साहेबांकडे गेला आणि म्हणाला, “त्याला महिनाभर हलकं काम द्या.” साहेबांनी भीमराजला सगळ्यांसमोर बोलावून विचारलं, “काय रे, होत नाही का आता?”

भीमराजच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कंबर गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्याने पाहिलं होतं. तो लालला गाठून भर खात्यात ओरडला, “माझी कंबर माझी हाय! तुला कुनी वकील नेमला? आजपासून तू माझ्याशी बोलू नको, मी तुझ्याशी बोलनार न्हाई.”

लाल रुळाकडे वळला. त्याने कुंचा उचलला.

दोघांनी मिळून आठ नग भरले ते एक शब्द न बोलता. मग भीमराज नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं, तिथेच थोडा वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा लाल पुढे रुळात उभा होता, पाठमोरा. रोज तो मागे वळून “हं, भीमा,” म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही. भीमराजनेही ट्रॉलीत डोकावलं नाही. मान खाली घातली, तळहात रोवले आणि ढकललं.

ट्रॉली हाताखालून निसटल्यासारखी गेली. दारामागे कोणी टेकलेलं असेल म्हणून जोर लावावा आणि मागे कोणीच नसावं, तसं झालं. “तीन” तोंडातून बाहेर पडलं आणि गर्डरवर आवाज झाला.

लालमहंमद दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

चौकशी झाली. भीमराज एकच सांगत राहिला, “साहेब, रोजच्याएवढाच जोर लावला. गाडी हलकी लागली.” पण पंचनाम्यात ट्रॉलीतले नग मोजले तेव्हा ते आठच भरले. सकाळचं भांडण वीसजणांनी ऐकलं होतं. रागाच्या भरात जोराचा धक्का बसला असावा, असं कागदावर आलं. हेतू नव्हता म्हणून पोलीस केस उभी राहिली नाही. भीमराजला तिथून काढून आवारातल्या साफसफाईला लावलं.

पहिल्या वर्षी तो मनाशी म्हणायचा, जोर रोजच्याएवढाच होता. दुसऱ्या वर्षी म्हणायला लागला, असेल थोडा जास्त. मग त्याचं त्यालाच कळेना. राग अंगात भरला की माणसाला ताकदीचा अंदाज राहत नाही, हे तो स्वतःच दुसऱ्यांविषयी कितीदा बोलला होता. नग आठ होते, म्हणजे गाडी जड होती. गाडी जड असून तीनलाच पोचली, म्हणजे हातात काहीतरी होतं. हे ‘काहीतरी’ अजून हातातच आहे, असं त्याला वाटायला लागलं.

तो कशालाच जोर लावीनासा झाला. दार उघडताना आधी बोटांनी चाचपायचा. धाकट्या मुलीचा पाळणा हलवायला कस्तुराने, त्याच्या बायकोने, सांगितलं, तर दोरीला हात लावून तसाच बसून राहिला. “अवं, ओढा की,” ती म्हणाली. त्याने ओढली नाही. बसस्टॉपवर कोणी पुढ्यात उभं असलं तर तो दोन पावलं मागे सरायचा आणि दोन्ही हात पाठीमागे धरायचा.

दुपारी तीनला पहिली पाळी सुटायची. खातं रिकामं व्हायचं, भट्ट्यांचा आवाज खाली बसायचा, आणि आवार झाडताना त्याला आतून कुंच्याची खरखर ऐकू यायची. लोखंडावरून वाळू झाडल्याची. कुंचा तर त्याच्याच हातात असायचा. तो हात थांबवायचा. खरखर थोडी पुढे जाऊन मग थांबायची. त्याने आत जाऊन कधी पाहिलं नाही. लाल पाठमोरा उभा असेल याची त्याला भीती नव्हती. तो वळेल, याची होती.

ती ट्रॉली पुढे कोणी वापरेना. कोणी म्हणे ती चौघांनाही हलत नाही, कोणी म्हणे नुसता हात लावला की पळते. शेवटी कंपनीने ती मागच्या बाजूला उभी करून ठेवली. तिच्याभोवती घाणेरीची झुडपं वाढली. तेवढा कोपरा भीमराज झाडत नसे.

सलिमाकडे, लालच्या बायकोकडे, तो एकदाही गेला नाही. तीन पोरं घेऊन ती कशी राहिली, हे त्याला दुसऱ्यांकडून कळायचं. ती शिवणकाम करत होती. थोरली पोरगी शाळेत हुशार निघाली होती.

एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर ती थोरली पोरगी फाउंड्रीच्या फाटकापाशी उभी राहिली. पाळी सुटली होती. झाडलोट आटोपून भीमराज बाहेर आला तशी ती सरळ त्याच्यासमोर आली.

“भीमराजचाचा ना? मी शमीम. लालमहंमदची मुलगी.”

भीमराजचे हात आपोआप पाठीमागे गेले.

“मला तुम्हाला काहीतरी विचारायचंय,” ती म्हणाली. अठराची असेल. छातीशी वह्या धरलेल्या. डोळे हुबेहूब लालचे, सरळ बघणारे. “खरं सांगाल?”

“सांगीन.”

“तुम्ही रागाने ढकललं होतं का?”

आठ वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच होतं. भीमराज तिथल्या दगडावर बसला. “पोरी,” तो म्हणाला, “मला म्हाईत न्हाई. आधी वाटायचं न्हाई. आता सांगता येत न्हाई.”

 शमीमही बसली, अंतर ठेवून, आणि वहीतून एक घडी घातलेला कागद काढला. चौकशीच्या अहवालाची नक्कल. अम्मीच्या ट्रंकेत होती, तिने चोरून वाचली होती. बारावीला होती ती, सायन्सला. बल, वस्तुमान, त्वरण, हा धडा अकरावीतच झाला होता. त्या धड्यातल्यासारखंच गणित तिने या कागदावर मांडून पाहिलं होतं.

“उत्तर येत नाही, चाचा,” ती म्हणाली. “म्हणून आले. तुम्ही आकडे मोजायचात, हे खरं?”

“व्हय.”

“रोज सहा? आणि त्या दिवशी तीन?”

“तीन.”

“मोजणं भरभर झालं असेल. रागात.”

“न्हाई. मोजनं तोंडाचं. ते पायाबरूबर चालतं. आनि मी एकटाच न्हाई ऐकलं. समद्यांनी सांगितलंय, तीनच.”

तिने मान हलवली. तेही अहवालात होतं. मग वही उघडून ती सांगू लागली आणि भीमराज ऐकू लागला. सातवी शिकलेला माणूस, पण ही भाषा त्याच्या अंगात मुरलेली होती.

“गाडी उभी असते. तुम्ही सारखा जोर लावता, तसा तिचा वेग वाढत जातो. वजन जास्त तर हळूहळू वाढतो, वजन कमी तर पटकन. बरोबर?”

“बरूबर. भरली गाडी जागची हलायला रडती.”

“आता तेवढेच बारा फूट गाडी जर निम्म्या वेळात गेली, तर वेग दुप्पट दराने नाही वाढला. चौपट दराने वाढला.”

“चौपट का?”

“निम्मा वेळ, आणि त्या निम्म्या वेळात गाठायचा वेग दुप्पट. दोनदा दोन.” तिने बोटाने मातीत दोन रेघा ओढल्या. “हे दोनच मार्गांनी होतं. नाहीतर जोर तसा वाढायला हवा, नाहीतर वजन तसं कमी व्हायला हवं. रूळ अगदी गुळगुळीत धरला तर चौपट जोर. रुळावरची ओढ धरली तर कमी लागेल, पण मी कितीही धरून पाहिली तरी दुपटीच्या खाली येत नाही. माणूस रागात दुप्पट जोर लावतो का, चाचा?”

भीमराजने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं.

“ते मोजता येतं,” शमीम म्हणाली.

रविवारी सकाळी कासारवाडीत जहीर भंगारवाल्याच्या वखारीत ते भेटले. जहीर शमीमचा मामा. त्याच्याकडे छताला टांगायचा मोठा काटा होता, तबकडीचा. त्याने तो आडवा करून एक टोक खांबाला बांधलं, दुसऱ्याला दोर लावला. दोराला पट्टा करून भीमराजच्या छातीवर घेतला. त्याला भीमराजकडे बघवत नव्हतं, हे दिसत होतं; पण भाचीने सांगितलं म्हणून तो करत होता.

“रोज ढकलायचा तसा जोर लावा,” शमीम म्हणाली.

भीमराजला जमेना. आठ वर्षं ज्या अंगाला त्याने आवरून धरलं होतं, ते सुटेना. दोर नुसता ताणला जाई आणि तो थांबे.  वखारीच्या मागच्या बाजूला कोणीतरी पत्रा घासत होतं, आणि त्या खरखरीने त्याच्या मानेवर काटा आला.

“कोण हाय तिकडं?” त्याने विचारलं.

“आमचा गडी,” जहीर म्हणाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुढे आला, भीमराजच्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, पुढे कोणी नाही. खांब मागे आहे. ओढा.”

भीमराजने ओढलं. काटा चाळीस किलोवर गेला. पुन्हा ओढलं, एकेचाळीस. दहा वेळा ओढलं, चाळीसच्या आसपासच. “नऊ वर्षं सहाच का यायचे ते आता कळलं,” शमीम हळूच म्हणाली. मग म्हणाली, “आता रागाने.”

“राग कुटनं आनू?”

शमीम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज बदलला. “माझा बाप मारला तुम्ही. आठ वर्षं दाराशी आला नाहीत. अम्मीचं तोंड बघितलं नाहीत. ओढा आता!”

जहीर “शमीम!” म्हणून ओरडला. भीमराजच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही. टाचा मातीत रुतल्या, पट्टा छातीत घुसला, खांबावरून माती गळली. काटा सरकला आणि थरथरत थांबला. अठ्ठावन्न.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि बसूनच राहिला. शमीमने पाणी आणून दिलं. 

“अठ्ठावन्न,” ती म्हणाली. “ऐंशी हवे होते, निदान. चाचा, भरली गाडी तीनमध्ये नेणं तुम्हाला जमलंच नसतं. रागाने नाही, कशानेच नाही. गाडी हलकीच होती. निम्म्याहून हलकी.”

“पन नग आठ भरले की पंचनाम्यात.”

“पंचनामा नंतर झाला,” शमीम म्हणाली. “मोजले तेव्हा आठ होते. ढकललं तेव्हा किती होते, ते कुठे लिहिलंय? नग हाताने उचलत नाही. क्रेनवर कोण होतं?”

खंडूने अपघातानंतर चार महिन्यांतच फाउंड्री सोडली होती. मोशीत इंद्रायणीच्या काठाला त्याचा मळा होता. पुढच्या रविवारी दोघं बसने गेले. भीमराजला बांधावर बघताच खंडूने हातातलं खुरपं खाली टाकलं. शमीमने नाव सांगायच्या आधीच त्याने तिचे डोळे ओळखले.

“बसा,” तो म्हणाला. स्वतः उभाच राहिला. “मला वाटलं व्हतं, लवकर याल.”

“किती उतरवले होते?” शमीमने विचारलं.

“पाच.”

पलीकडे मोट सोडलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. खंडू त्या आवाजाकडे तोंड करून बोलू लागला.

“भीमा नळावर गेला व्हता. लाल माज्याकडं आला. म्हनला, खंडूभाऊ, पाच नग खाली घे. दोन खेपा करू. त्याची कंबर धरलीया. मी म्हनलं, चिठ्ठीवर आठ हायेत, साहेब बोंबलंल. तर म्हनला, साहेबाचं मी बगतो. आनि त्याला सांगू नगंस, म्हनला. पुन्यांदा चिडंल. मी उतरवलं.”

“मग पंचनाम्यात आठ कसे?” शमीमने विचारलं.

“समदी लालला घिऊन गेटाकडं पळाली. मी एकटाच ऱ्हायलो. बिनचिठ्ठीचं नग उतरवलं म्हंजी माजी नोकरी जानार. मला दुसरं कायबी सुचलं न्हाई. गाडी मागं ओढली आनि पाचीबी परत चढवलं.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “वाटलं व्हतं, चार दिसांनी सांगू. मग भीमाचं नाव कागदावर आलं. मग तर तोंडच उघडंना. क्रेनवर बसलं की खाली लाल दिसायचा, वर बगत. आजून बोल, आजून बोल. म्हनून सोडली नोकरी. हितंबी सुटका न्हाई.”

भीमराज उठला. खंडूला वाटलं, मारणार. तो तसाच उभा राहिला, मार खायला. भीमराज त्याच्याजवळून जाऊन नदीच्या पायवाटेला लागला.

शमीम मागोमाग आली. दोघं पाण्याजवळ बसले. तिला दोषी माणूस शोधायचा होता. तो सापडला होता, पण त्याच्यापलीकडे आणखी काही सापडलं होतं, ते तिला नको होतं.

“अब्बांना ठाऊक होतं,” ती शेवटी म्हणाली. “गाडी हलकी आहे हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. मग ते चारची वाट का बघत राहिले?”

“नऊ वर्षांची सवय, पोरी,” भीमराज म्हणाला. “माजं सहाचं मोजनं त्याच्या पायात बसलं व्हतं. हलकी केली ती माज्यासाठी. लवकर येईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नसंल.” मग थोड्या वेळाने, “बोलत असतो, तर एका शब्दाचं काम व्हतं. त्यानं मागं बगून म्हनलं असतं, भीमा, दमानं. मी बोलायचं न्हाई म्हनून सांगितलं व्हतं त्याला.”

हात दोषातून सुटले होते. पण हे हातात नव्हतं, आणि याला कुठला काटा लागणार नव्हता. भीमराज त्या दिवशी पहिल्यांदा लालसाठी रडला. आठ वर्षं तो स्वतःसाठीच घाबरत आला होता.

कासारवाडीला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सलिमा मशीनवर बसली होती. शमीमने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, न थांबता. सलिमा पाय चालवायची थांबली. भीमराज उंबऱ्याबाहेर उभा होता.

“पाच उतरवले?” तिने विचारलं.

“व्हय, भाभी.”

“कोणाला न सांगता.” तिने हातातलं कापड सरळ केलं, पुन्हा पुन्हा सरळ केलं. “घरातही असंच करायचे. पाण्याचे हंडे मी उठायच्या आत भरून ठेवायचे आणि विचारलं तर म्हणायचे, तूच भरलेस.” मग तिने वर बघितलं. “भीमभाऊ, तुमच्यावर माझा राग होता. पण धक्क्याचा नव्हता. मयताला आला नाहीत, त्याचा होता.”

“मला यायचं तोंड नव्हतं.”

“आता आत या.”

भीमराज आत गेला. किती वेळ बसला, काय बोलला, हे त्याला नंतर आठवेना. निघताना सलिमाने शमीमला कबरस्तान दाखवायला पाठवलं. कबरीवर नाव नव्हतं, चार दगड होते. भीमराजने दगडावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. काही हलकं लागलं नाही, कोणी उलट ढकललंही नाही. नुसता तापलेला दगड होता. त्याला वाटलं होतं, काहीतरी बोलावं, पण जे बोलायचं ते आठ वर्षांपूर्वीचं होतं.

खंडूने जबानी लिहून दिली. शमीमनेच ती लिहून घेतली आणि खाली त्याने सही केली. सोबत वहीच्या चार पानांवर तिने सगळं गणित मांडलं आणि कंपनीला अर्ज केला, की अहवालातून ‘रागाच्या भरात’ हे शब्द काढावेत. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण जुने असून बंद करण्यात आले आहे.

ते घेऊन शमीम पिंपरीला भीमराजच्या घरी आली. कस्तुराने तिला चहा दिला. जेवणाच्या सुट्टीत आता त्याच्या शेजारी माणसं बसू लागली होती, कारण खंडूची गोष्ट तोंडोतोंडी पसरली होती. पण दुपारी तीननंतरची खरखर थांबली नव्हती, हे त्याने फक्त कस्तुराला सांगितलं होतं.

शमीमने पत्र वाचून दाखवलं आणि घडी घातली. “चाचा, परत लिहू? अजून वरच्या साहेबांना?”

भीमराजने बाहेर बघितलं. धाकटी अंगणात दुसऱ्या एका पोरीला सायकलवर बसवून मागून ढकलत होती, दोघी हसत होत्या. तो उठून दारापर्यंत गेला. “हळू गं,” एवढंच म्हणाला, आणि परत येऊन बसला.

“लिही,” तो म्हणाला. “आनि लालचं नाव आधी घाल. पाच नग त्यानं का उतरवलं, ते पैल्या ओळीत येऊ दे.”